तुमचा न झालेला युक्तिवाद

नाना,

मंडळाच्या अंकात तुमच्यावर एक चौकट यायची आहे. संपादकांनी मजकूर माझ्याकडे मागितला आणि माझी सोय म्हणून चार ओळी स्वतःच लिहून पाठवल्या. जन्म नागपूरचा, बॅरिस्टरकी लंडनची, आणि शेवटी, 'अमेरिकेतही त्यांनी वकिली गाजवली.' मी फोन करून ती ओळ काढायला सांगितली. ते म्हणाले, "अहो अलकाताई, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द जास्त लिहिले तर काय बिघडलं?" मी म्हटलं, "नाना असते तर त्यांनी विचारलं असतं, कुठल्या कोर्टात? ते या देशात एक दिवसही वकील नव्हते."

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. तुम्हाला या देशात पहिल्यांदाच, एका संध्याकाळी, उभं राहून बोलायचं होतं. ते मी होऊ दिलं नाही. हे काही चौकटीत मावणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही गेलात त्याला आज तीन आठवडे झाले.

आपली ओळख गाडीतली. नेपरव्हिलहून शिकागोला जाणारी सकाळची गाडी. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जायची, तुम्ही इन्शुरन्स कंपनीत. माझ्या हातात मराठी मासिक बघून तुम्ही शेजारी येऊन बसलात. तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. दहा मिनिटांत विचारलंत, "तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? अहो-जाहो करत शिकागोपर्यंत जायचं म्हणजे फार लांब पडेल."

विमलवहिनींना इथल्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्टची जागा मिळाली आणि त्यांच्यामागे तुम्ही नागपूरची चालती प्रॅक्टिस सोडून आलात, शेहेचाळिसाव्या वर्षी. इथे कोर्टात उभं राहायचं तर पुन्हा लॉ कॉलेजात, बाविशीच्या मुलांबरोबर बसायला हवं होतं. ते तुम्हाला जमलं नाही. मग पॉलिसीच्या मसुद्यातले शब्द तपासायची नोकरी धरलीत. "दिवसभर मी 'आणि' आणि 'किंवा' यांच्यामध्ये उभा असतो," असं म्हणायचात. हसून म्हणायचात, पण ते हसू मला कधी पटलं नाही.

इंग्लिश न्यायाधीश कायदा कसा वाचतात, ते तुम्ही मला त्या गाडीत शिकवलंत. मी रक्तलघवी तपासणारी बाई, मला त्याचं काय काम? पण तुम्ही सांगत असलात की शेजारच्या बाकावरची अमेरिकन माणसंसुद्धा पेपर खाली करून बघायची, भाषा कळत नसूनही. तीन सवयी आहेत, तुम्ही म्हणालात. एक, शब्द जसा आहे तसा वाचायचा, मग परिणाम कितीही वेडावाकडा होवो. दुसरी, परिणाम अगदीच हास्यास्पद होत असेल तर शब्दाला थोडी सूट द्यायची. आणि तिसरी, तिन्हींत जुनी: हा कायदा येण्याआधी लोकांना काय दुखत होतं ते विचारायचं, आणि त्या दुखण्यावर लागू पडेल असा शब्दाचा अर्थ घ्यायचा. "पण विचारायचं कुणाला?" मी म्हटलं. "तीच तर गंमत," तुम्ही म्हणालात. "पार्लमेंटात काय चर्चा झाली ते इंग्लिश न्यायाधीशाला बघता येत नाही. मनाई आहे. कायद्याचं मन कायद्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं."

ते नुसतं बोलणं नव्हतं हे मला गणपतीत कळलं. शाळेची जिम आपण भाड्याने घेतली होती आणि दारावर पाटी होती, उघडी ज्योत चालणार नाही. आरतीचं ताट तयार, आणि तिथला केअरटेकर हात आडवे करून उभा. माझ्या नवऱ्याने, मधूने, तोडगा काढला: निरांजन कंदिलाच्या काचेत ठेवू, म्हणजे ज्योत 'उघडी' राहणार नाही. तुम्ही म्हणालात, "ही शब्दाशी लबाडी झाली." मग त्या केअरटेकरजवळ जाऊन विचारलंत, हा नियम झाला तेव्हा काय घडलं होतं? तो म्हणाला, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांनी स्टेजचा पडदा पेटला होता. तुम्ही गणपती स्टेजवरून उतरवून हॉलच्या मधोमध आणायला लावलात, पाण्याची बादली मागवलीत आणि त्यालाच शेजारी उभं केलंत. तो आरती संपेपर्यंत बादलीजवळ उभा राहिला आणि नंतर दोन मोदक घेऊन गेला. घरी जाताना तुम्ही म्हणालात, "आपण नियम मोडला नाही, अलका. नीट वाचला."

त्या हिवाळ्यात प्रमोद गेला. प्रमोद मधूच्या ऑफिसातला. कामावरून येताना बर्फावरून त्याची गाडी घसरली. मागे शैला आणि दोन मुली, नऊ आणि सात वर्षांच्या. अकोल्याला तिचं कुणी उरलं नव्हतं, सासरच्यांनी एअरोग्रामवर सांत्वन पाठवून हात झटकले. अपार्टमेंटचा करार संपत होता. मी तिला म्हटलं, सामान घे आणि आमच्याकडे ये, उन्हाळ्यापर्यंत बघू. उन्हाळा आला आणि गेला. शैलाला बँकेत टायपिस्टची नोकरी लागली. माझी रेणू आणि तिच्या दोघी एकाच बसने शाळेत जायला लागल्या. आठवड्यातले चार दिवस ती स्वयंपाक करायची, तीन दिवस मी. बेसमेंटमधली खोली तिची, पण खोलीत ती झोपण्यापुरतीच असायची.

समोरच्या घरातल्या वयस्क गृहस्थांनी गावाच्या ऑफिसात तक्रार केली. वाईट माणूस नव्हता तो. आमच्या दारात तीन गाड्या उभ्या राहायला लागल्या, त्याला वाटलं आम्ही खोल्या भाड्याने देतो. नोटीस आली. आमच्या वस्तीत एका घरात एकच कुटुंब राहू शकतं, आणि कुटुंब म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने जोडलेल्या आणि एकत्र घर चालवणाऱ्या व्यक्ती. तीस दिवसांत शैलाने घर सोडावं, किंवा गावाच्या बोर्डापुढे दाद मागावी.

शैला म्हणाली, "मी जाते ना, अलका. कुठेतरी खोली बघते." धाकटी टेबलाखाली बसून ऐकत होती. एका वर्षात तिची एक शाळा आधीच बदलली होती.

तुम्ही संध्याकाळी आलात. उभ्यानेच नोटीस वाचलीत, मग चष्मा पुसून बसून वाचलीत. "शब्द स्पष्ट आहेत," म्हणालात. "तिथेच आपली अडचण आहे." मी घाबरले. पण तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता, नाना. गाडीत शब्दांच्या गोष्टी सांगणारा माणूस बाजूला झाला होता आणि कुणी दुसराच, तरुण माणूस आमच्या स्वयंपाकघरात बसला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसातून रजा घेऊन गावाच्या क्लार्कला भेटलात. वकील नसलेल्या माणसाला बोर्डापुढे बोलता येतं का? तिने सांगितलं, शेजारी म्हणून कुणालाही बोलता येतं, पाच मिनिटं. मग तुम्ही सहज विचारलंत, हा नियम ज्या बैठकीत झाला त्याचा काही कागद असेल का? ती आत गेली आणि बैठकीची टिपणं घेऊन आली. जणू काही विशेष नाही. पुढच्या सकाळी गाडीत तुम्ही मला त्यांची फोटोकॉपी दाखवलीत. "इथे बघता येतं, अलका. नुसतं मागायचं, की देतात." त्या टिपणांत सगळं होतं. स्टेशनाजवळच्या एका जुन्या घरात कुणीतरी आठवड्याच्या बोलीने खोल्या देत होतं, आज एक माणूस, उद्या दुसरा, आरडाओरडा, मारामारी. गावाला ते बंद करायचं होतं. विधवा मैत्रिणीला घरात घेणाऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. "हे यांचं दुखणं होतं," तुम्ही बोट ठेवून म्हणालात. "आणि शैला त्यातली नाही. शिवाय 'एकत्र घर चालवणाऱ्या' हे शब्द कशासाठी घातले? घर म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, म्हणून."

मी म्हटलं, "पण रक्ताचं नातं नाही हे तर खरंच ना?"

"खरंच आहे. तेच आपण आधी सांगायचं. लपवायचं काही नाही."

सुनावणीच्या दोन दिवस आधी तुम्ही मला ती नागपूरची गोष्ट सांगितलीत. गाडी मध्येच बराच वेळ थांबली होती, रुळांवर बर्फ साचलं म्हणून. तुमच्या तरुणपणी एक भाडेकरू वारला. भाडेकायद्यात होतं की जागा त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे जाते. त्याच्या घरात एक बाई वीस वर्षं राहत होती, लग्न न करता. त्याच्या म्हाताऱ्या आईचं सगळं तिनेच केलं होतं. तुम्ही घरमालकाचे वकील. लंडनहून आणलेल्या एका निवाड्यातून तुम्ही वाचून दाखवलंत की अशी बाई त्या शब्दाच्या कुठल्याही सरळ अर्थाने कुटुंबातली नव्हे. न्यायाधीशांना पटलं. ती एक ट्रंक घेऊन निघाली, आणि जाताना तुम्हालाच नमस्कार करून गेली, कारण कोर्टातला एवढा मोठा माणूस म्हणजे आपल्याच बाजूचा असणार असं तिला वाटलं.

"मग इथे आल्यावर," तुम्ही म्हणालात, "शिकागोच्या लायब्ररीत इंग्लिश निवाडे चाळत होतो. पंचवीस वर्षांनी त्याच इंग्लिश भाडेकायद्यातल्या त्याच शब्दाचा अर्थ तिथल्या न्यायाधीशांनी बदलला होता. अशा बाईला कुटुंबातली मानलं. शब्द तोच. पण मी तिला बाहेर काढून बसलो होतो ना."

मी काय म्हटलं, आठवतं तुम्हाला? मी म्हटलं, "गाडी कधी सुटणार हो? मला आज लवकर पोहोचायचं होतं." माझं लक्षच नव्हतं, नाना. माझ्या डोक्यात फक्त शैलाच्या मुली होत्या, आणि तुमच्या पाच मिनिटांवर त्यांचं घर टांगलेलं होतं.

सुनावणीच्या संध्याकाळी तुम्ही लंडनचा काळा सूट घालून आलात. खांद्यात जरा सैल झाला होता. वहिनी म्हणाल्या, "आठ दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही." शैलाने मुलींना इस्त्रीचे फ्रॉक घातले होते. रेणू त्यांच्या शेजारी. हॉलमध्ये आमच्याआधी एका माणसाचं प्रकरण होतं, त्याने अंगणात शेड बांधली होती आणि ती हद्दीपासून एक फूट कमी पडत होती. तो बिचारा बोलत होता, बायको आजारी, सामान ठेवायला जागा नाही. अध्यक्षांनी नियम मोठ्याने वाचला आणि म्हणाले, शब्द जे आहेत ते आहेत. मतं झाली. शेड पाडायची. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली असतील.

मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही कागद शांतपणे लावत होतात.

आमचं नाव पुकारलं. तुम्ही उठायच्या आधी अध्यक्षांनी माझ्याकडे बघून, अगदी सौजन्याने, विचारलं, सुरुवातीलाच स्पष्ट करून घेऊ, या बाई तुमच्या नात्यातल्या आहेत का? त्यांच्या आवाजात अशी काही सूचना होती की हो म्हणा आणि सुटा. तुम्ही अर्धे उभे राहिला होतात. आणि मी म्हटलं, "येस. शी इज माय कझिन. माझ्या आईच्या बहिणीची मुलगी."

"म्हणजे रक्ताचं नातं आहे."

"येस."

"मग आम्हाला ही तक्रार का आली तेच कळत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि लोक हसले. नोटीस रद्द. समोरच्या गृहस्थांनी येऊन माझी माफी मागितली. तुम्ही तसेच अर्धे उभे होतात, मग हळूच खाली बसलात.

बाहेर गाड्यांपाशी शैला माझ्या गळ्यात पडून रडली. रेणूने विचारलं, "मॉम, इज शैलामावशी रिअली युअर कझिन?" मी म्हटलं, "गाडीत बस." तुम्ही वहिनींसाठी दार उघडून धरलं होतंत. मी तुमच्याजवळ आले. म्हटलं, "नाना, रागावलात?"

"तुमचं काम झालं ना," तुम्ही म्हणालात. "ते महत्त्वाचं."

'तुमचं.' मला वाटलं आम्हा सगळ्यांना मिळून म्हणताय. सोमवारी गाडीत कळलं. "बसा," तुम्ही म्हणालात. "आज थंडी कमी आहे, नाही का?" त्या दिवसापासून तुम्ही मला कधी 'तू' म्हटलं नाही. एकदाही नाही.

एकदाच आपण त्यावर बोललो, भांडलो म्हणायला हवं. मी म्हटलं, "तुम्ही हरला असतात तर? मुलींना मी काय सांगितलं असतं? तुमच्या तत्त्वासाठी त्यांनी रस्त्यावर जायचं?" तुम्ही म्हणालात, "हरलो असतो कदाचित. त्यावर अपील करता आलं असतं. आता कशावर करायचं?" मी चिडून म्हटलं की आपल्याकडे जवळच्या मैत्रिणीला बहीण म्हणतातच, मी अगदीच खोटं बोलले नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काचेतल्या निरांजनाची आठवण मला त्या क्षणी झाली, तुम्हालाही झाली असणार. तुम्ही पेपर उघडलात.

मला अजूनही वाटतं, नाना, की त्या हॉलमध्ये त्या मुलींना समोर बसवून मी पुन्हा तेच केलं असतं. हे मी तुम्हाला आज लपवून ठेवणार नाही. पण त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली, आणि ते मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

दोन वर्षांनी गावात लाओसहून आलेलं एक कुटुंब राहायला आलं. नवरा, बायको, तीन मुलं आणि एक म्हातारा. म्हातारा त्यांचा कुणी नव्हता. निर्वासितांच्या छावणीत भेटला, त्याची माणसं संपली होती, मुलं त्याला आजोबा म्हणायला लागली, म्हणून यांनी त्याला बरोबर आणलं. त्यांना तीच नोटीस आली. मी गावाच्या साप्ताहिकात वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. तुम्ही वाचलंत आणि त्या माणसाच्या घरी गेलात. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. ती माणसं बोर्डापुढे उभी राहिली आणि खरं ते सांगितलं: नाही, रक्ताचं नाही. मग तुम्ही बोललात.

मी आले नव्हते. मला अध्यक्षांसमोर तोंड दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर तुम्ही मला सांगितलंत, अगदी साध्या आवाजात. "त्यांनी नीट ऐकून घेतलं. टिपणंसुद्धा बघितली. मग एकाने विचारलं, या व्याख्येचा असा अर्थ आपण यापूर्वी कधी लावलाय का? मी म्हटलं, नाही." एवढंच. 'तुमच्यामुळे तसा दाखला राहिला नाही' असं तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मला बरं वाटलं असतं. बोर्डावरच्या एकीने तुमच्या बाजूने मत दिलं, बाकीच्यांनी विरुद्ध. म्हाताऱ्याला पलीकडच्या गावात वृद्धांच्या संस्थेत ठेवलं. तुम्ही दर रविवारी त्या मुलांना गाडीत घालून त्याला भेटायला नेत होतात, हे मला वहिनींकडून कळलं.

फलाटावर मी म्हटलं, "नाना, मी खोटं बोलायला नको होतं."

"शैलाच्या मुलींची शाळा सुटली नाही, ते बरंच झालं," तुम्ही म्हणालात. "चला, गाडी आली."

त्यानंतर किती वेळा मी तेच म्हटलं असेल. दिवाळीच्या फराळाला आलात तेव्हा, वहिनींच्या वाढदिवसाला, शैला मॉरिसव्हिलला नोकरी लागून गेली तिच्या निरोपाला. दर वेळी तुम्ही म्हणालात, "ठीक आहे हो, किती दिवस तेच?" मला वाटायचं, हा माणूस फार कठोर आहे. गेल्या महिन्यात दुपारचं जेवण झाल्यावर तुम्ही ऑफिसातल्या खुर्चीत मान टाकलीत, आणि मला लॅबमध्ये फोन आला तेव्हा पहिला विचार आला तो लिहायला मला लाज वाटते: आता तुम्ही मला पुन्हा कधीच 'तू' म्हणणार नाही.

परवा बोर्डाची महिन्याची बैठक होती. मी गेले. मधू म्हणाला, "कशाला जुनं उकरतेस? शैलाला उगाच त्रास होईल." मी शैलाला मॉरिसव्हिलला फोन केला. ती म्हणाली, "सांग तू. मला आता कोण घराबाहेर काढतंय? आणि अलका, तेव्हाच नानांना बोलू द्यायला हवं होतं गं. मी भीतीने गप्प बसले." चार वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

जाण्याआधी मी क्लार्ककडून ती जुनी टिपणं मागून घेतली. तुम्ही म्हणाला होतात तसं, नुसती मागितली आणि दिली. आता अध्यक्ष नवीन आहेत, एक बाई. माझी वेळ आल्यावर मी सांगितलं की चार वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून खोटं बोलले, शैला माझ्या नात्यातली नव्हती. अध्यक्षांनी विचारलं, "मग ती तुमची कोण होती?" मी बोलायला लागले. आठवड्यातले चार दिवस ती स्वयंपाक करायची, असं काहीतरी सांगितलं. रेणूला ताप आला तर ती जागायची, असं सांगितलं. मग ती टिपणं दिली, आणि तुम्ही गाडीत सांगितलेलं दुखण्याचं, औषधाचं, ते सगळं माझ्या इंग्रजीत मांडायला गेले. मला ते नीट जमलं नाही, नाना. त्यांनी सगळं लिहून घेतलं, म्हणाल्या, गावाच्या वकिलाला ही व्याख्या पुन्हा बघायला सांगू. पुढे काय होईल माहीत नाही. तो म्हातारा तर मागच्याच वर्षी गेला.

तिथून मी तडक वहिनींकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्या माझ्यासाठी चहा टाकत होत्या, पाठ माझ्याकडे होती.

"बरं केलंस गेलीस ते," त्या म्हणाल्या. "पण अलका, त्यांना तुझ्या खोट्याचा तेवढा राग नव्हता गं."

मी म्हटलं, "मग?"

"त्यांना बोलायला मिळालं नाही, त्याचा होता. आठ दिवस रोज इथे त्या खिडकीपाशी उभे राहून म्हणून बघत होते. मला घड्याळ धरायला लावायचे. नागपूर सोडल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. आणि शैलाचं घर वाचलं, तरी आपल्याला वाईट वाटतंय याची त्यांना इतकी लाज वाटायची. म्हणायचे, 'या वयाला मी लहान मुलासारखा रुसलोय, विमल, हे तिला कसं सांगू?'"

त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या.

नाना, गेली दोन वर्षं मी चुकीच्या गोष्टीची माफी मागत होते. खोटं बोलले म्हणून मागितली. तुम्ही अर्धे उभे राहिला होतात, तुमची वेळ झाली होती, दहा वर्षांत पहिल्यांदा, आणि ती मी तुमच्याकडून काढून घेतली, याची माफी मी एकदाही मागितली नाही, कारण तुम्हाला ते लागलं असेल हे माझ्या मनातच आलं नाही. आज मागते. तुम्ही बोला, नाना. मी मध्ये बोलणार नाही.

अलका